उकिरड्याचा हिशेब : वऱ्हाडातलं शेण गेलं कुठे?

(भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



आजचा विषय ऐकून काही जण नाक मुरडतील. विषय आहे शेण. म्हणजे शेणखत, लेंडीखत, उकिरडा, ज्याला आपल्याकडे उकंडा पण म्हणतात. मागच्या काही भागांत आपण राजे, लढाया, तह यांच्याबद्दल बोललो. पण अमरावती-अकोल्याच्या इतिहासात एक प्रश्न असा आहे, की तो दीडशे वर्षं सुटलेला नाही आणि तो कुठल्या तहात सापडत नाही. प्रश्न साधा आहे. माती खरडून गेलेल्या वावरात दोन वाफे वांगी, मेथी, सांबार लावायचा असेल तर खत लागतं. ते खत गुरांपासून मिळतं. मग गुरांचा मुलूख म्हणवणाऱ्या वऱ्हाडात खत कमी का पडलं?

सुरुवात गावातल्या मातीपासून करू.

काळी आणि पांढरी

जुन्या मराठी कागदांत गावाचे दोन भाग असतात. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. हे नुसते शब्द नाहीत, मातीचा रंग खरंच वेगळा असतो. एका जागी शेकडो वर्षं माणसं राहिली, मातीच्या भिंती पडल्या, पुन्हा उभ्या राहिल्या, चुलीची राख, गोठ्यातलं शेण-मूत, केरकचरा, हाडं, सगळं तिथेच मुरलं. त्यातून ती भुरकट, पिठासारखी माती तयार झाली. पूर्णेच्या खोऱ्यात अशी कितीतरी टेकाडं आहेत. चांदूर बाजार तालुक्यातल्या तुळजापूर गढीला 1984-85 साली पुरातत्त्व खात्यानं उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापर्यंतची वस्ती निघाली. म्हणजे तीन हजार वर्षांच्या आसपास.

आता गंमत बघा. पुरातत्त्ववाल्यांची एक जुनी तक्रार आहे, की अशी टेकाडं शेतकरी खणून नेतात. कशासाठी? खत म्हणून! उन्हाळ्यात गाड्या लावायच्या, पांढरीची माती भरायची आणि वावरात पसरायची. महाराष्ट्रभर हे चालत आलंय. इतिहासाच्या दृष्टीनं नुकसान आहे, मान्य. पण शेतकऱ्याला जे कळलं होतं ते चूक नव्हतं. त्या मातीत स्फुरद असतं, पालाश असतं, चुना असतो. आपल्या पूर्वजांनी वावरातून जे काही घरी आणलं, धान्य, कडबा, सरपण, त्याचा उरलेला भाग या पांढरीत साठला होता. काळीतून निघालेलं पांढरीत येऊन पडलं, आणि पुन्हा काळीत गेलं.

म्हणून गावालगतची जमीन नेहमी कसदार. भाजीचे मळे, परसबागा तिथेच असायच्या. विहीर जवळ, उकिरडा जवळ, राखणीला माणूस जवळ. गावापासून लांबच्या वावराला मात्र खताची गाडी क्वचित पोचायची. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माती वाहून कशी जाते

वऱ्हाड म्हटलं की लोकांना वाटतं, काळी कसदार जमीन, खणावं तिथे कापूस. पण अमरावती-अकोल्यात निदान तीन तऱ्हेची दुखणी आहेत.

एक, उत्तरेला सातपुड्याचा पायथा. मेळघाटातून उतरणारे नाले पावसाळ्यात जोरात येतात, उताराची माती घेऊन जातात, मागे गोटे ठेवतात. दुसरं, दक्षिणेला पातूर, बार्शीटाकळीचा डोंगराळ भाग. इथे बरड जमीन. वीतभर माती, खाली मुरूम. वीतभरातली चार बोटं गेली तर उरलं काय? आणि तिसरं, मधला पूर्णेचा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा मिळून साडेचार लाख हेक्टरांहून मोठा. विहिरीचं पाणी खारं, जमिनीत सोडियम जास्त. अशी माती ओली झाली की तिचे कण सुटे होतात, वरची भोकं बुजतात, पाणी आत जिरतच नाही. ते वरून पळतं आणि नदीकाठाला मोठमोठ्या घळी पाडतं.

चांगल्या काळ्या जमिनीचीही एक खोड आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस भेगांत जातो. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि त्यानंतरचा जोरदार पाऊस धुऱ्यावरून उडी मारून नाल्यात. जाताना वरचा थर नेतो. आणि सेंद्रिय अंश, ज्याला आपण कस म्हणतो, तो बहुतेक याच वरच्या थरात असतो.

इथे शेणखत दोन कामं करतं. एक पोषणाचं, ते सगळ्यांना माहीत आहे. दुसरं जास्त महत्त्वाचं. ते मातीच्या कणांना धरून ठेवतं, रवाळ करतं. रवाळ मातीत पाणी मुरतं, आणि मुरलेलं पाणी माती नेत नाही. खारपाणपट्ट्यात तिसरं एक काम होतं. खत कुजताना जे आम्लधर्मी पदार्थ आणि वायू सुटतात, त्यांनी जमिनीतली चुनखडी थोडी थोडी विरघळते. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, आणि माती पुन्हा श्वास घेऊ लागते. म्हणून तिथे जिप्समबरोबर शेणखत आणि ताग-धैंचा गाडायला सांगतात.

एका बैलजोडीचा हिशेब

मग सगळीकडे शेणखत टाका की! इथेच अडतं. चला, ढोबळ हिशेब करू.

एक बैल दिवसाला दहा किलोच्या आसपास ओलं शेण देतो. जोडीचं वर्षाचं सात टनांवर जातं. पण जनावर चरायला गेलं, कामाला गेलं, तर निम्मं शेण वाटेत आणि वावरात पडतं. उकिरड्यावर आलं साडेतीन टन. त्यात बहुतेक पाणी. गोठ्यातला काडीकचरा मिसळून कुजलं, की हातात येतं दोन-अडीच टन चांगलं खत.

भाजीपाल्याला एकरी आठ-दहा टन शेणखत टाकायची शिफारस असते. म्हणजे गुंठ्याला दोनशे ते अडीचशे किलो. एका बैलजोडीच्या वर्षभराच्या खतात भाजी होते दहा गुंठे. फक्त दहा! ज्याच्याकडे दहा एकर कपाशी आहे, त्याच्या कपाशीला यातलं काय मिळणार?

जुन्या शेतकऱ्यानं हा हिशेब कागदावर केला नव्हता, पण वागण्यात केला होता. खत आधी मळ्याला, पानमळ्याला, भाजीच्या वाफ्याला. उरलं तर वावराला, तेही आळीपाळीनं, तीन-चार वर्षांतून एकदा. लांबच्या वावराला धनगरांची मेंढरं. पीक निघाल्यावर कळप दोन-चार रात्री वावरात बसवायचा आणि बदल्यात धान्य द्यायचं. लेंड्या आणि मूत जागच्या जागी पडतं, गाडी लागत नाही. मेंढरांच्या खुरांनीच ते मातीत तुडवलं जातं.

ही व्यवस्था श्रीमंत नव्हती, पण जेमतेम चालत होती. ती मोडली कशी, ते आता.

कापूस गेला, सरकीही गेली

1853 साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि सगळ्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. रेल्वे आली. अकोला, बडनेरा करत 1867 ला ती नागपूरला पोचली. खामगाव, अकोला, अमरावतीच्या बाजारात कापसाचे ढीग लागले. हा भाग आपण शाळेत शिकलो.

शिकलो नाही ते हे. कापसाचा धागा जमिनीतून जवळजवळ काहीच नेत नाही. धागा म्हणजे सेल्युलोज, हवा आणि पाण्यापासून झाडानं बनवलेला. नत्र, स्फुरद असतं ते सरकीत. जुन्या काळी गावातच हातचरखीवर सरकी वेगळी काढत. रुई बाहेर जायची, सरकी गावातल्या गाई-बैलांच्या गव्हाणीत, तिथून शेणात, आणि शेणातून मातीत. चक्र पूर्ण! वाफेवरचे जिनिंग-प्रेसिंग कारखाने आले तसा कापूस सरकीसकट गावाबाहेर जायला लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर हिंदुस्थानातली सरकी तेलासाठी विलायतेला जात होती. शेतकऱ्याला ढेप हवी असेल तर ती विकत. म्हणजे आपल्याच वावरातलं नत्र पैसे मोजून परत आणायचं.

दुसरं, ज्वारीच्या जागी कपाशी आली. ज्वारी माणसाला भाकर देते आणि गुराला कडबा देते. पऱ्हाटी गुरं खात नाहीत. तिसरं, गायरानं नांगराखाली गेली, सातपुड्याची जंगलं राखीव झाली. चराई आणि लाकूड दोन्हींवर बंधनं आली. इतिहासकार लक्ष्मण सत्य यांनी वऱ्हाडातल्या कापूस आणि दुष्काळावर, आणि नंतर मध्य भारतातल्या गुरांवर वेगळी पुस्तकं लिहिली आहेत. कापूस वाढला आणि गुरांचा आधार तुटत गेला, असं त्यांच्या मांडणीचं सार आहे.

आणि लाकूड नाही तर चूल कशावर पेटणार? गोवऱ्यांवर.

त्या काळच्या साहेबांचं ठरलेलं मत होतं, की इथला शेतकरी अडाणी, सोन्यासारखं खत जाळून टाकतो. त्याला उत्तर दिलं एका इंग्रज रसायनशास्त्रज्ञानंच. डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर 1889 च्या अखेरीला हिंदुस्थानात आले, वर्षभर देश फिरले आणि 1893 ला त्यांचा शेतीसुधारणेवरचा अहवाल छापून आला. त्यांचं म्हणणं असं, की शेतकऱ्याला शेणाची किंमत पुरेपूर ठाऊक आहे. तो जाळतो कारण त्याला दुसरं सरपण नाही. खत वाचवायचं तर त्याला उपदेश करू नका, गावाजवळ सरपणासाठी आणि चाऱ्यासाठी झाडं राखा. मंडळी, सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा अहवाल आहे. उपदेश भरपूर झाले, गावाजवळची राखीव झाडं मात्र फारशी झाली नाहीत.

मग 1899-1900 चा छप्पनचा दुष्काळ. माणसं मेली, आणि गुरं त्याहून जास्त. बैल मेला की पुढच्या वर्षीची मशागत गेली एवढंच आपण मोजतो. पण पुढच्या कित्येक वर्षांचं खतही गेलं, हे कोणी मोजलं नाही.

इंदूरचा खड्डा आणि पुसदचं टाकं

या गोष्टीचा पुढचा टप्पा वऱ्हाडाबाहेर घडला, पण पैसा कापसाचाच होता. 1923 च्या कायद्यानं कापसावर छोटा उपकर बसला. त्या निधीतून इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीनं मध्य भारतातल्या संस्थानांच्या जोडीनं 1924 मध्ये इंदूरला वनस्पती संशोधन संस्था काढली. संचालक अल्बर्ट हॉवर्ड. जमीन आपल्यासारखीच काळी, पीक कापूस, अडचण तीच, शेण थोडं आणि जमीन भरपूर.

हॉवर्ड आणि त्यांचे मराठी सहकारी यशवंत वाड यांनी चीनमधल्या जुन्या रीतीचा आणि इथल्या अनुभवाचा मेळ घातला. शेण थोडं आहे ना? मग ते खत म्हणून नको, विरजण म्हणून वापरा. काडीकचऱ्याचा थर, त्यावर थोडं शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती, राख, पुन्हा काडीकचरा. खड्डा ठरावीक दिवसांनी तीनदा उलथायचा. तीन महिन्यांत खत तयार. पऱ्हाटी-तुराटीसारखं टणक लाकूड कुजत नाही, तर त्यांनी काय केलं? ते शेताच्या रस्त्यावर अंथरलं. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्याचा भुगा झाला! 1931 साली हॉवर्ड आणि वाड यांच्या नावानं पुस्तक आलं, आणि इंदूर पद्धत जगभर गेली. आज युरोप-अमेरिकेत सेंद्रिय शेतीची मुळं शोधतात तेव्हा हॉवर्डचं नाव पहिल्या ओळीत असतं. वाडांचं नाव मात्र आपल्याकडेही फार कोणाला माहीत नाही.

पुढची उडी आपल्याच मुलखातली. यवतमाळ जिल्ह्यातलं पुसद. तिथले गांधीवादी शेतकरी ना. दे. पांढरीपांडे, त्यांच्या नावाच्या अक्षरांवरूनच ‘नाडेप’ हे नाव पडलं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच विटांचं टाकं, भिंतीत हवेसाठी भोकं. आत काडीकचरा चौदाशे-पंधराशे किलो, माती साधारण पावणेदोन टन, आणि शेण किती? फक्त नव्वद ते शंभर किलो. उलथापालथ नाही. तीन-चार महिन्यांत अडीच-तीन टन खत. आपला मघाचा हिशेब आठवा. बैलजोडीच्या वर्षभराच्या उकिरड्यातून जेवढं निघत होतं, तेवढं शंभर किलो शेणातून! अर्थात काडीकचरा आणि माती गोळा करायची मेहनत आहे, पाणी लागतं, विटांचा खर्च आहे. म्हणून ती टाकी अनुदानावर बांधली गेली आणि बरीच नंतर रिकामी पडली, हेही खरं.

पोतं, सोयाबीन आणि विरजण

तोवर युरिया आला होता. युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या पोत्यात साधारण वीस-एकवीस किलो नत्र असतं. तेवढंच नत्र शेणखतातून द्यायचं तर चार टन लागतं. अर्ध्या टनाची गाडी धरली तर आठ गाड्या. डोक्यावर येणारं एक पोतं की आठ गाड्या? शेतकऱ्यानं पोतं निवडलं, त्यात आळस नव्हता.

पण पोतं माती धरून ठेवत नाही. 1969 साली अकोल्याला स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात 1988 पासून एकाच जागी ज्वारी-गव्हावर दीर्घकालीन खत-प्रयोग चालला. त्याचा निष्कर्ष टोकाचा नाही, आणि म्हणूनच मला तो पटतो. नुसतं नत्र दिलं तर उत्पादन टिकत नाही. नत्र-स्फुरद-पालाश पुरतं देऊन वर शेणखताची जोड दिली, तिथे उत्पादन आणि जमिनीतला सेंद्रिय कर्ब दोन्ही सर्वांत चांगले.

जोड द्यायला शेणखत मात्र उरलं नाही. ट्रॅक्टर आला, बैल गेले. ज्वारी जाऊन सोयाबीन आलं, कडबा संपला, कुटार उरलं. अशा वेळी अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर पुढे आले. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती, हे त्यांचं जीवामृत. एका देशी गाईवर तीस एकर, असा त्यांचा दावा. 2019 च्या केंद्रीय अर्थसंकल्पी भाषणात झिरो बजेट शेतीचा उल्लेख आला, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीनं पुराव्यांवर बोट ठेवत आक्षेप घेतला.

हा वाद मी इथे मिटवणार नाही. पण इतिहास म्हणून एक बघा. हॉवर्ड-वाड, पांढरीपांडे, पाळेकर, तिघांच्याही समोरची अडचण एकच होती. शेण पुरत नाही. आणि तिघांनीही शेणाला विरजणाच्या जागी नेलं. फरक इतकाच, की विरजण लावायला दूध लागतं. पहिल्या दोन पद्धतींत ते दूध म्हणजे टनावारी काडीकचरा, तो समोर दिसतो. जीवामृतातही आच्छादनाला तेवढंच महत्त्व आहे. पण लोक ड्रम भरतात आणि आच्छादन विसरतात. खरडलेल्या, कर्ब नसलेल्या जमिनीत नुसतं विरजण ओतून दही लागेल कसं?

मग खरडलेल्या वावरात भाजी कशी?

या सगळ्या इतिहासातून मला एक गोष्ट शिकायला मिळाली. खत थोडं असेल तर जमीन थोडी घ्यावी. सगळ्या पाच एकरांवर दोन ट्रॉल्या भुरभुरवल्या तर कुठेच काही दिसत नाही. तेच खत दोन-चार गुंठ्यांत दिलं तर त्याच वर्षी वांगी हातात येतात. आधी धुरा नीट करायचा, उताराला आडवे वाफे काढायचे, नाहीतर पहिल्याच धो-धो पावसात खत नाल्यात. खत पूर्ण कुजलेलं हवं. कच्च्या शेणात हुमणी येते, उधई लागते, तणाचं बी वावरात पसरतं. हातात घेतल्यावर शेणाचा वास न येता मातीचा वास आला पाहिजे. ते सगळीकडे फेकण्यापेक्षा सरीत किंवा रोपाच्या खड्ड्यात द्यायचं. वर कुटार, पालापाचोळा अंथरायचा. आणि धीर धरायचा. शेणखतातलं नत्र पहिल्या वर्षी साधारण तिसरा हिस्साच पिकाला मिळतं, बाकी पुढच्या वर्षांचं. पुढच्या वर्षी शेजारचे दोन गुंठे घ्यायचे.

आणि हो, बांधावर शेवरी, गिरिपुष्प, सुबाभूळ लावायचं. थोडा चारा, थोडं सरपण, थोडा पाला. व्होल्कर साहेबांनी 1893 ला सांगितलेलं काम आपल्याच धुऱ्यावर.

आपल्या आज्यांच्या परसबागा याच हिशेबावर चालायच्या. भांडी घासल्याचं पाणी, चुलीची राख, दोन टोपल्या कुजलेलं खत, आणि त्यावर वर्षभर पुरेल एवढं कोहळं, दोडकी, मिरची, सांबार. इतिहासाच्या पुस्तकात वऱ्हाड म्हणजे पांढरं सोनं. पण त्या सोन्याच्या वावराला जे खत कधी पुरलं नाही, ते परसातल्या दोन वाफ्यांना पुरत होतं.

तुमच्या गावाकडे उकिरड्याचं, मेंढरं बसवण्याचं किंवा गढीची माती वावरात नेण्याचं काही आठवत असेल, घरातल्या मोठ्या माणसांकडून ऐकलेलं असेल, तर नक्की लिहून कळवा. पुढच्या भागात आपण खारपाणपट्ट्यातल्या गोड्या पाण्याच्या शोधाबद्दल बोलू. तोवर, येतो मंडळी. नमस्कार.